यजमान

जून २००६ चा शेवटचा आठवडा. परभणीहून गंगाखेडमार्गे आलेल्या एसटीतून आम्ही चौघी सोनपेठला उतरलो. प्रत्येकीजवळ एक वळकटी, एक बादली आणि एक पेटी. माझ्या पिशवीत विद्यापीठाचं पत्रही होतं. या चार विद्यार्थिनी ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमासाठी आपल्या गावी येत आहेत आणि यजमान शेतकरी म्हणून आपली निवड झाली आहे, अशा अर्थाच्या चार ओळी त्यात होत्या. त्याखाली तात्यांचं पूर्ण नाव, गट नंबर आणि जमिनीचं क्षेत्र लिहिलेलं होतं.

सोनपेठहून पुढे काळीपिवळी जीप मिळाली. फाट्यावर उतरून चिखल तुडवत आम्ही गावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वीज नव्हती. घराच्या दारात कंदील घेऊन एक बाई उभी होती. तिनं आधी आमच्या पायांवर पाणी घातलं, मग चौघींवरून भाकरतुकडा ओवाळून बाजूला टाकला. आमची नावं, गावं, जाती, कॉलेज यातलं काहीच तिनं विचारलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, “जेवलाव का गं?”

ती काकू. पुढचे चार महिने आम्ही तिच्या घरात राहिलो. यंदा महालक्ष्म्यांच्या दिवसांत, एकोणीस वर्षांनी, मी पुन्हा त्या घरी गेले. मधल्या काळात फोन होते, लग्नपत्रिका होत्या, एकदा परभणीच्या दवाखान्यात झालेली भेटही होती. पण मुक्कामाला गेले नव्हते. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण काकूला ते नको आहे. सोनपेठ तालुक्यातलं, गोदावरीकाठचं एक गाव एवढं पुरे.

* * *

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला विद्यार्थ्यानं एक सत्र गावात काढायचं, ही पद्धत देशभरच्या कृषी विद्यापीठांत आहे. १९९२ च्या रंधावा समितीनं ती सगळीकडे लागू करण्याची शिफारस केली. प्रयोगशाळेत माती तपासायला शिकलेल्या मुलानं ती माती कसणाऱ्या माणसाच्या घरी राहावं, त्याच्याबरोबर शेतात जावं, त्याच्या अडचणी समजून घ्याव्यात आणि आपल्याजवळचं ज्ञान त्याला द्यावं, हा हेतू. २०१५ पासून हा कार्यक्रम ‘स्टुडंट रेडी’ या मोठ्या योजनेचा भाग झाला आणि विद्यावेतन महिना ३,००० रुपये झालं. मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांच्या तालुका पानावर जुलै-ऑगस्टमध्ये ‘कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक’ असे मथळे दिसतात, ते याच मुलींचे.

आमचं विद्यापीठ परभणीचं. १८ मे १९७२ रोजी त्याची स्थापना झाली. वसंतराव नाईकांचं नाव त्याला २०१३ मध्ये जोडलं गेलं, आमच्या वेळी ते नुसतं मराठवाडा कृषी विद्यापीठ होतं. ज्या साली ते सुरू झालं त्याच साली मराठवाडा दुष्काळानं होरपळला. काकूच्या सासूबाई, ज्यांना आम्ही आज्जी म्हणायचो, त्या विद्यापीठाला ‘दुष्काळातली शाळा’ म्हणत. खडी फोडायला गेलेल्या बायकांना मिळालेली सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो यांची चव त्यांच्या तोंडून ऐकली. तो मिलो खाऊन पोट भरायचं, पण ‘जेवल्यावाणी वाटायचं न्हाई’, असं त्या म्हणत.

घर माळवदाचं होतं. ढाळजेतून आत आलं की उजव्या हाताला गोठा, समोर ओसरी, मागं माजघर, आणि त्याच्याही मागं काळोखात स्वयंपाकघर. ओसरीला लागून असलेली एक खोली आम्हाला दिली होती. सारवलेली जमीन, भिंतीत दोन देवळ्या, वर गवाक्ष. आम्ही पेट्या लावल्या, दोरी बांधून कपडे टाकले, भिंतीवर पिकांचे तक्ते चिकटवले. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मला तहान लागली म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. चुलीच्या पुढ्यात, भानवशीला डोकं लावून काकू आणि आज्जी पोत्यांवर झोपल्या होत्या. आमची खोली त्यांची होती. त्या दोघींनी ती चार महिन्यांसाठी सोडली होती आणि याबद्दल घरात कुणी एक शब्द काढला नव्हता.

मी परत येऊन तिघींना उठवलं. सकाळी आम्ही चौघी काकूपुढं उभ्या राहिलो. ती काठवटीत पीठ मळत होती. म्हणाली, “चुलीपाशी ऊब असती. पावसाळ्याचं म्हातारीचे पाय दुखतेत.” पुढं काही बोलू दिलं नाही.

* * *

यजमान हा शब्द मला तेव्हापासून टोचतो. यज्ञ करवून घेणारा तो यजमान. मंत्र म्हणणारा दुसरा, समिधा आणणारा तिसरा, यज्ञाचं फळ मात्र त्याच्या नावावर. पुढं हा शब्द पाहुणा ठेवून घेणाऱ्या घरमालकासाठी आला. आणि आपल्या भाषेत बाई नवऱ्याचं नाव न घेता त्याच्याविषयी बोलते तेव्हा म्हणते, ‘आमचे यजमान’. तीनही अर्थांत तो पुरुषच आहे. यजमानीण असा शब्द कोशात आहे, पण विद्यापीठाच्या पत्रात तो मी कधी पाहिला नाही.

तात्यांविषयी मला तक्रार नाही, हे आधीच सांगते. असा दिलदार माणूस मी थोडाच पाहिला. आम्हाला पहिल्यांदा तिफणीमागं चालवलं ते त्यांनी. काळ्या जमिनीत वाफसा आला की नाही हे मूठभर माती दाबून कसं ओळखायचं, कपाशीत डवरा घालताना बैलाच्या खांद्याकडं लक्ष कसं ठेवायचं, तूर आणि सोयाबीनच्या ओळींचा मेळ कसा बसवायचा, हे त्यांनी हाताला धरून शिकवलं. पत्रात त्यांचं नाव होतं ते योग्यच होतं. माझं म्हणणं एवढंच की त्या पत्रात आणखी एका नावाला जागा हवी होती.

आमच्याकडे छापील नमुना होता: कुटुंबप्रमुखाचं नाव, वय, शिक्षण, जमीन, ओलिताचं साधन, जनावरं, मग कुटुंबातले इतर सदस्य आणि त्यांचा व्यवसाय. पहिल्या आठवड्यात मी तो भरला. काकूपुढं मी ‘पत्नी, वय ४२, व्यवसाय: घरकाम’ असं लिहिलं. माझ्याच अक्षरातलं ते पान अजून माझ्याजवळ आहे.

त्या दिवशी तिनं काय केलं होतं ते नंतरच्या पानावर माझ्याच रोजनिशीत आहे. पहाटे चारला उठली. शेण काढलं, दोन म्हशींच्या धारा काढल्या. हातपंपावरून सहा खेपा पाणी आणलं. नऊ माणसांच्या भाकरी थापल्या, त्यात आम्ही चौघी. आठला खुरपं घेऊन रोजंदारीच्या बायकांबरोबर कपाशीत गेली, संध्याकाळी सहाला गवताचा भारा डोक्यावर घेऊन आली. पुन्हा चूल, पुन्हा धारा. आज्जीचे पाय चेपले. झोपण्याआधी सोयाबीनच्या बियाण्याचं एक गाठोडं सोडून त्यातले फुटके दाणे वेचत बसली. आणि मी वर लिहिलं होतं घरकाम.

त्या बियाण्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमचं पहिलं प्रात्यक्षिक उगवणशक्तीचं होतं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे ठेवायचे, गुंडाळी करायची, ओल टिकवायची आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. सोयाबीनचे सत्तरच्या वर उगवले तर बियाणं पेरायला योग्य, कमी उगवले तर एकरी प्रमाण वाढवायचं. मारुतीच्या पारावर पंधरा-वीस शेतकरी जमले, आम्ही तक्ता लावला, गटातल्या एकीनं छान भाषण केलं. काकू बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती. घरी आल्यावर तिनं फडताळातून एक पितळी काढली. त्यात ओल्या फडक्याखाली कोंब आलेले दाणे होते. तिनं आठ दिवस आधीच घातले होते. “शंभरात बाहत्तर,” ती म्हणाली. “दर वर्साला बघती. सासूनं शिकिवलं.”

बियाणं निवडणं, राखेत घोळून उतरंडीत ठेवणं, मुगाला कडुनिंबाचा पाला लावणं, कोणत्या ज्वारीची भाकर मऊ राहते आणि कोणत्या ज्वारीचा कडबा म्हशी आवडीनं खातात हे ध्यानात ठेवणं, ही सगळी विद्या त्या घरात बायकांकडं होती. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मला सगळ्यात आधी ती पितळी आठवली. राहीबाईंनी गावरान वाणांची बियाणं घरात जपली आणि त्यांच्यापर्यंत जग पोचलं. ज्यांच्यापर्यंत कुणी पोचलं नाही अशा किती घरांत फडताळात पितळ्या असतील.

गावाचा नकाशा काढायचं प्रात्यक्षिकही असंच शिकवून गेलं. गावकऱ्यांनीच जमिनीवर रांगोळीनं आपलं गाव काढायचं आणि आम्ही ते कागदावर उतरवायचं. पुरुषांनी नकाशा चावडीपासून सुरू केला. मग मारुतीचं देऊळ, सोसायटी, सोनपेठचा रस्ता, शेतांचे गट. दुसऱ्या दिवशी आम्ही बायकांना बसवलं. त्यांनी हातपंपापासून सुरुवात केली. मग पिठाची गिरणी, परसाकडची वाट, त्या वाटेवरचा उजेड नसलेला तुकडा, सरपणाची झुडपं, आणि गंगेवर धुणं धुवायचा घाट. दोन्ही नकाशे त्याच गावाचे होते. आम्ही अहवालात पहिला लावला, कारण त्यात गट नंबर होते.

* * *

या भागात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. गंगाखेडचं नाव त्यावरूनच. अंबाजोगाईच्या डोंगरातून येणारी वाण नदी वाणीसंगमपाशी तिला मिळते. तालुक्यातल्या खडक्याच्या बंधाऱ्यातून परळीच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी जातं. २०१५ च्या जुलैमध्ये ते वीज केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं, इतकी ही नदी आटू शकते. आणि भरली की काय करते ते आम्ही २००६ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं.

जायकवाडीतून पाणी सोडल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा श्रावण अर्धा सरला होता. पैठणपासून नांदेडपर्यंत नदीकाठ धास्तावला. तात्या आणि सालगडी रात्रीच आखाड्यावरची जनावरं सोडून घेऊन आले. आमच्याकडे शेतातल्या वस्तीच्या झोपडीला आखाडा म्हणतात, कुस्तीचा नव्हे. पहाटे खालच्या आळीतली माणसं पोटाशी लेकरं धरून वर यायला लागली. तात्यांचं घर उंचवट्यावर होतं. ढाळजेत, ओसरीत, आमच्या खोलीत, गोठ्याच्या कडेला, जिथं जागा मिळेल तिथं माणसं बसली. सोनपेठचा रस्ता बंद झाला होता.

काकूनं कणगीचं तोंड उघडलं. आम्हा चौघींकडं वळून ती पहिल्यांदाच हुकमाच्या सुरात बोलली: “तू अन् तू, गिरणीवाल्याला उठवा, इंजिनावर दळून देतोय का बघा. तू पाणी ठेव. तू हिकडं ये, भाकर थापायला बस.”

भाकर थापायला बसले ती मी. महिनाभर तिच्या हाताकडं बघितलं होतं, पण स्वतः थापली की कडेला चिरायची. त्या दिवशी चिरलेल्या भाकरीही गेल्या. काकू तव्यावर टाकायची, पाणी फिरवायची, उलटायची, आहारावर शेकायची, आणि पोपडा फुगला की टोपलीत फेकायची. अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, पातळ वरण. किती माणसं जेवली ते आम्ही मोजलं नाही. गटातली एक जण आधी मोजायला लागली होती. काकूनं तिला थांबवलं, “जेवणारं माणूस मोजू नये गं, माय.”

दुपारी शेजारच्या घरी फोन वाजला. माझे वडील. गावाचं नाव बातम्यांत नव्हतं, तालुक्याचं होतं, आणि त्यावरून त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं होतं. मी बोलायला गेले तर रडूच फुटलं. काकू माझ्या मागं आली होती, हात पिठानं माखलेले. तिनं रिसीव्हर माझ्या खांद्यावरून कानाला लावला आणि एक वाक्य बोलली: “भाऊ, लेकरं माझ्यापाशी हायेत.” पलीकडून वडील काय म्हणाले कुणास ठाऊक. तिनं मान हलवली, फोन ठेवला आणि चुलीकडं गेली.

पाणी दोन दिवसांनी उतरलं. काठच्या शेतांतलं सोयाबीन गाळाखाली गेलं, तात्यांचंही. राखी पौर्णिमा तशीच गेली. त्या महिन्याचे जेवणाचे पैसे आम्ही पाकिटात घालून दिले, तेव्हा काकूनं ते पाकीट न उघडता आमच्या पेटीवर ठेवलं. ठरल्याप्रमाणे ते तिचे होते. पुरानंतर त्या घराला पैशाची गरज होती हेही आम्हाला दिसत होतं. आम्ही पुन्हा दिले, तिनं पुन्हा ठेवले. शेवटी आज्जी म्हणाल्या, “पुराच्या भाकरीचं पैकं घेत नसतेत.” त्यानंतरच्या महिन्याचे मात्र तिनं घेतले, मोजून घेतले आणि सोनपेठच्या बाजारातून किराणा आणला. पाहुणचार आणि व्यवहार यांमधली रेघ तिच्या मनात अगदी स्पष्ट होती.

* * *

पाहुणा घरात ठेवणं आमच्या भागाला नवं नाही. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून परभणी, गंगाखेड, परळी या वाटेनं जाते. वाटेवरची गावं वारकऱ्यांच्या जेवणाखाणाचा भार उचलतात. निजामाच्या राज्यात शाळा थोड्या होत्या, तेव्हा शिकणारी पोरं नातेवाइकांकडं राहायची किंवा वार लावून जेवायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नरहर कुरुंदकर शिक्षणासाठी हैदराबादला मामांच्या घरी राहिले. त्या पिढीच्या आठवणींत अशी घरं पानोपानी भेटतात. त्या घरांत पोळ्या लाटणाऱ्या मामी, मावशी, काकू मात्र बहुतेक वेळा नात्यानंच येतात, नावानं नाही.

आणि दुसऱ्याच्या घरी राहिलेल्या माणसाची सर्वांत मोठी गोष्ट तर आमच्या शेजारच्याच गावची आहे. जनाबाई गंगाखेडची. परंपरा सांगते की आईवडिलांनी तिला लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवलं आणि नामदेवांच्या त्या भरल्या घरात तिनं आयुष्यभर दळण-कांडण केलं. त्या घरानं तिला आसरा दिला, हे खरं. त्या घराचं जातं तिनं ओढलं, हेही खरं. तिच्या अभंगांत जातं, शेणी, पाणी आणि केर यांची कामं देवाशी बोलत बोलत होतात. मी जनाबाईकडं आता वेगळ्या नजरेनं बघते. पाहुणी, दासी, लेक, कवी असं तिला वाटून देता येत नाही. पण एक गोष्ट आहे: सातशे वर्षांपूर्वीच्या एका घरातली कामं कुणी केली ते आपल्याला नावानिशी माहीत आहे, कारण करणारणीनं आपलं नाव स्वतः ओवीत गुंफलं. ‘नामयाची जनी’ म्हणून का होईना, पण जनी म्हणून गुंफलं.

परक्या घरी मुक्काम हा आता जगभर शिकण्याचा आणि पर्यटनाचाही भाग आहे. अमेरिकेच्या पीस कोअरचे स्वयंसेवक १९६२ पासून थायलंडला जातात आणि सुरुवातीचे आठवडे तिथल्या कुटुंबात राहून भाषा शिकतात. त्यांना लवकर ऐकू येणाऱ्या वाक्यांपैकी एक म्हणजे ‘किन खाओ रू यांग’, भात जेवलात का? भाताच्या जागी भाकर ठेवली की तो काकूच्या दारातला प्रश्न झाला. थाई भाषेत ‘क्रेंग चाय’ असा एक शब्द आहे, दुसऱ्याला आपला त्रास होऊ नये म्हणून मनात धरलेली भीड. भानवशीला डोकं लावून झोपलेली काकू पाहिल्यावर आमच्या मनात जे दाटलं त्याला मराठीत संकोच म्हणावं तर कमी पडतं आणि उपकार म्हणावं तर ते काकूला आवडलं नसतं. त्या थाई शब्दाजवळ ते बरंच पोचतं.

तिथल्या च्यांग माई प्रांतात मे कम्पाँग नावाचं डोंगरातलं गाव आहे. चहाची पानं मुरवून ती चघळायला विकणं हा त्याचा जुना धंदा. २००० च्या सुमारास गावानं घरोघरी पाहुणे ठेवायला सुरुवात केली. पाहुणे पाळीनं घरांत वाटतात आणि मिळकतीचा एक वाटा गावाच्या कामासाठी जातो. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत २००६ च्या सुमारास असाच प्रयत्न उभा राहिला. काजवे बघायला आलेला शहरी माणूस तिथं गावातल्या घरी जेवतो. राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरणही आणलं. या सगळ्यांत मला एक गोष्ट मोलाची वाटते: चुलीवरच्या कामाला दर लागतो. दर लागला की ते काम कागदावर येतं. काकूला महिन्याचे पैसे मोजून घेताना पाहिलं म्हणून मी हे म्हणते आहे. पाहुणचाराचा धंदा झाला की माया जाते, असं अनेक जण हळहळून सांगतात. हळहळणारे बहुधा जेवायला बसलेले असतात, वाढणारे नसतात. पुराच्या भाकरीचे पैसे कधी घ्यायचे नाहीत हे वाढणारीला बरोबर कळतं.

* * *

यंदा १ सप्टेंबरला, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, मी पोचले. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि मराठवाड्यातल्या घराला दिवाळीपेक्षाही हा सण मोठा. फाट्यावरून आता थेट रिक्षा जाते. माळवद पडलं, तिथं स्लॅबचं घर आहे. ढाळज मात्र तात्यांनी ठेवली होती. तात्या चार वर्षांपूर्वी गेले, आज्जी त्याआधीच. घर आता मुलाच्या नावावर आहे आणि यजमान शेतकरी म्हणून यंदाच्या पत्रावरही त्याचंच नाव आहे.

होय, पत्र अजून येतं. यंदा सहा मुलं आली आहेत. ती गावात राहत नाहीत, सोनपेठला खोली घेऊन राहतात आणि मोटारसायकलवर येतात. त्यातल्या दोघांशी मी बोलले. हुशार आणि तळमळीची पोरं आहेत. कपाशीत गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे त्यांनी स्वतः लावलेत, हेक्टरी पाच, आणि रोज अडकलेल्या पतंगांची नोंद ठेवतात. राहत का नाही, असं विचारल्यावर एक जण म्हणाला, “कुणाला त्रास द्यायचा, मॅडम?” त्याचं बरोबर आहे. सहा जणांचा स्वयंपाक म्हणजे सुनेवर किती भार, हे त्या मुलाला कळतं आहे जे आम्हाला कळायला तीन आठवडे लागले. तरीही मला वाईट वाटलं. त्या मुलांना सापळ्यातले पतंग दिसतील, फडताळातली पितळी दिसणार नाही.

काकू एकसष्ट वर्षांची आहे. गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही, म्हणून खुर्चीवर बसून सुनेला सांगत होती: आंबील पातळ नको, सोळा भाज्यांत चुका विसरला. मुखवट्यांना नवी पैठणी होती. नातीनं मला तिचं शाळेचं ओळखपत्र दाखवलं. तिचा जन्म २०१६ चा. १ मे २०१४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. ओळखपत्रावर तिच्या नावापुढं सुनेचं नाव ठसठशीत छापलेलं होतं. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या झेंड्याखाली लाखो बायका जमल्या आणि पुढं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावानं जमीन करून द्या अशी हाक गावोगाव गेली, तेव्हा काकू नुकती नांदायला आली होती. तिच्या नावावर आजही जमीन नाही. मी विचारलं तर म्हणाली, पोराच्या नावावर हाय म्हंजी माझीच की. मला ते पटलं नाही आणि मी तिला तसं सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, “आता काय करायचं ते हिच्यापुढचं करायचं,” आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

दुपारी हळदी-कुंकवाला बायका आल्या. ‘नाव घ्या, नाव घ्या’ असा गलका झाला. एकेकीनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं. काकूला कुणी म्हटलं नाही, तात्या गेल्यापासून तिला कुणी म्हणत नाही. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सगळ्यांचे उखाणे ऐकत होती.

संध्याकाळी बायका गेल्या. मी पिशवीतून माझी जुनी रोजनिशी काढली. तिला वाचून दाखवायचं ठरवूनच आणली होती. पुराचं पान वाचलं. तिनं दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली: त्या दिवशी अंबाडी दुपारला होती, सकाळी तांदुळजा, आणि गिरणीवाला उठलाच नाही, त्याच्या बायकोनं इंजिन सुरू केलं. आमच्यातल्या कोणाला दुधावरची साय आवडायची नाही, कोण भाकर चुरून खायची, कोणाला रात्री झोपेत बोलायची सवय होती, हे तिनं चौघींच्या नावानिशी सांगितलं. मग मी ते पहिलं पान काढलं. ‘पत्नी, वय ४२, व्यवसाय: घरकाम.’ आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की नावाच्या रकान्यात मी काही लिहिलेलंच नाही. चार महिने तिच्या खोलीत झोपले, तिच्या हातचं खाल्लं, एकोणीस वर्षं फोनवर बोलले, आणि मला तिचं नाव माहीत नाही.

मी विचारलं.

“कोणतं सांगू?” ती म्हणाली. “माहेरचं का हिथलं?”

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं जे नाव लिहिलं ते तिनं आधी सांगितलं. रेशनकार्डावर तेच आहे. मग थोडा वेळ गप्प बसून माहेरचं नाव सांगितलं. “त्या नावानं हाक मारणारा एक भाऊ होता. तो गेला.” सून ताटं लावत होती. तिचा हात थांबला. तिनंही ते नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मी पेन काढून दोन्ही नावं त्या रिकाम्या रकान्यात लिहिली आणि ‘घरकाम’वर काट मारून शेती असं लिहिलं. काकूनं वही हातात घेऊन पाहिली. तिला वाचता येतं, चौथीपर्यंत शिकली आहे. “दिवाळी अंकात नको छापू,” ती म्हणाली. “वहीत ऱ्हाऊ दे.”

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्यावर पाऊस कोसळला आणि जायकवाडीचे दरवाजे पुन्हा उघडले. बातम्या बघून मी फोन केला. आता फोन तिच्याच हातात असतो. मागं भांड्यांचा आवाज येत होता, लेकरं रडत होती, कुणीतरी पीठ आणलं का विचारत होतं.

“पाणी आखाड्यापतुर आलंय,” काकू म्हणाली. “खालच्या आळीतली माणसं वर आली हायेत. सगळी धड हायेत.” मग कुणाला तरी काहीतरी सांगून ती पुन्हा फोनवर आली.

“तू जेवलीस का?”